गोणीतला स्फुरद पेटत नाही, उंदराच्या औषधातला मात्र सांभाळा

पावसाच्या तोंडावर आलेल्या प्रश्नांपैकी चार प्रश्न स्फुरदाभोवतीच फिरतात. स्फुरद म्हणजेच फॉस्फरस. एकाचे उत्तर दुसऱ्याच्या कामी येईल म्हणून चारही एकत्र घेतो.

प्रश्न (मुलुंड, गच्चीवरील भाजीपाला): सोसायटीच्या सचिवांनी सिंगल सुपर फॉस्फेटची गोणी गच्चीवरून खाली उतरवायला लावली. फॉस्फरस आपोआप पेट घेतो, असे त्यांचे म्हणणे. खरे आहे का?

सचिवांनी वाचले ते खरे आहे, पण ते पांढऱ्या फॉस्फरसबद्दल. हा मेणासारखा पदार्थ हवेत साधारण 30 अंशांच्या पुढे स्वतःहून पेटतो, म्हणून तो पाण्याखाली ठेवतात. मे महिन्यातल्या मुंबईत त्याला काडी लावायचीही गरज नाही. 1669 मध्ये हॅम्बुर्गच्या हेनिंग ब्रँडने सोने मिळवण्याच्या खटाटोपात मूत्र आटवले आणि हाती हा पदार्थ लागला. खताच्या गोणीत तो नसतो. तिथला स्फुरद फॉस्फेटच्या रूपात, म्हणजे ऑक्सिजनशी आधीच बांधलेला असतो. जे जळायचे ते जळून झालेले असते.

सचिवांना जिन्यातला लाल सिलिंडर दाखवा. त्यावर एबीसी पावडर असे लिहिले असेल, तर आतला मुख्य घटक मोनो अमोनियम फॉस्फेट आहे. आपण 12:61:00 (नत्र म्हणजे नायट्रोजन, स्फुरद आणि पालाश म्हणजे पोटॅश यांची टक्केवारी) या नावाने जे विद्राव्य खत घेतो, तेच हे रसायन. (पण तेवढ्यावरून सिलिंडरमधली पावडर कुंडीत टाकू नका, तिच्यात इतरही पदार्थ मिसळलेले असतात.) आगीची काळजी घ्यायचीच असेल तर 13:00:45 सारख्या नायट्रेट खतांची घ्या. ती स्वतः जळत नसली तरी जवळच्या आगीला ऑक्सिजन पुरवतात, तेव्हा कागद, रद्दी, रॉकेल यांच्यापासून दूर ठेवा. सुपर फॉस्फेटला फक्त ओल लागू देऊ नका आणि हाताळताना हातमोजे घाला, त्यात थोडे आम्ल उरलेले असते.

प्रश्न (बोरिवली): मिरचीच्या कुंडीत माचिसच्या काड्या, गूल खाली करून खोचल्या की फुले भरपूर लागतात, असा व्हिडिओ फिरतोय. करून पाहू का?

नको. आगकाडीच्या गुलात बहुधा फॉस्फरस नसतोच. तिथे पोटॅशियम क्लोरेट, गंधक, सरस, काचेची पूड असते. लाल फॉस्फरस असतो तो पेटीच्या कडेच्या तपकिरी पट्टीत, म्हणून तर काडी तिथे घासावी लागते. दिवाळीतल्या बंदुकीच्या टिकल्यांत हे दोन्ही एकत्र असतात. क्लोरेट हे तणनाशकाच्या जातीचे रसायन आहे, मिरचीला त्याचा काहीही उपयोग नाही. फूलगळ होत असेल तर आधी पाणी आणि ऊन तपासा. पूर्वी गुलात पांढरा फॉस्फरसच असे. कारखान्यातल्या कामगारांचे जबडे त्याने सडू लागले, तेव्हा 1906 च्या बर्न करारात अशा काड्यांवर बंदी ठरली.

प्रश्न (गोराई): वांगी-भेंडीच्या मळ्यात उंदीर आणि घुशी फार झाल्यात. धान्यात ठेवायच्या गोळ्या मिळतात, त्या बिळात टाकू का? उरलेल्या गोळ्या तांदळाच्या डब्यात ठेवल्या तर चालेल?

दोन्हीला स्पष्ट नकार. त्या गोळ्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या. हवेतली दमट वाफ लागली की त्यांतून फॉस्फीन नावाचा वायू सुटतो, आणि मुंबईच्या हवेत ओल कधी कमी असते? हा वायू हवेपेक्षा किंचित जड असतो, फटीफटींतून शेजारच्या खोलीत जातो. चाळीतल्या बंद खोलीत गोळ्या ठेवून त्याच घरात झोपणे म्हणजे जिवाशी खेळ. त्यावर उतारा नाही. या गोळ्यांचा वापर सरकारी यंत्रणा आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखालील कीडनियंत्रण करणाऱ्यांपुरताच मर्यादित आहे. दुकानदार सुट्या देत असेल तर घेऊ नका.

मळ्यासाठी झिंक फॉस्फाईड, म्हणजे काळी पूड, हा नेहमीचा मार्ग आहे. पहिले दोन दिवस बिनविषारी आमिष ठेवा, उंदीर सरावले की तिसऱ्या दिवशी पुडीवरच्या प्रमाणात विषारी आमिष बिळात खोल सरकवा आणि तोंड बुजवा. एकदा खाऊन वाचलेला उंदीर पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही, म्हणून घाई करून पहिल्याच दिवशी विष घालू नका. कोंबड्या, कुत्री बांधून ठेवा, मेलेले उंदीर हातमोजे घालून खोल पुरा. आमिष काठीने कालवा, घरातले भांडे वापरू नका.

ट्यूबमध्ये मिळणारी उंदीरमार पेस्ट घरात आणूच नका, असे माझे ठाम मत आहे. तिच्यात पिवळा फॉस्फरस असतो, म्हणजे पहिल्या उत्तरातला पांढराच. ती पोटात गेली तर माणूस एक-दोन दिवस बरा वाटू शकतो आणि मग यकृत निकामी होऊ लागते. त्यामुळे उलट्या थांबल्या म्हणून घरी बसू नका. यातले कोणतेही विष पोटात गेल्याचा नुसता संशय आला तरी 108 ला फोन करा, रुग्णाला बळेच उलटी करायला लावू नका, मीठपाणी पाजू नका आणि पुडी किंवा ट्यूब सोबत घेऊन जवळचे मोठे रुग्णालय गाठा.

प्रश्न (आरे, पाड्यावरील भातशेती): दरवर्षी डीएपी (डाय अमोनियम फॉस्फेट) खत टाकतो, तरी रोपे खुजी राहतात, जुनी पाने जांभळट पडतात. खत खोटे आहे का?

खत खोटे असेलच असे नाही. उताराची तांबडी, आम्लधर्मी जमीन असेल तर तिच्यातले लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला धरून ठेवतात, तो जमिनीत असूनही मुळांना मिळत नाही. नत्र पाण्याबरोबर वाहते, स्फुरद टाकला तिथून फारसा हलत नाही. त्यामुळे वरून फेकलेले खत मुळांपर्यंत पोचतच नाही. चिखलणीच्या वेळी मातीत मिसळा, शेणखतासोबत दिलेले अधिक चांगले.

कोकणात भाताला हेक्टरी 100:50:50 किलो नत्र, स्फुरद, पालाश ही नेहमीची शिफारस. गुंठ्याला अर्धा किलो स्फुरद झाला. सुपर फॉस्फेटमध्ये 16 टक्के असतो, म्हणजे गुंठ्याला सुमारे 3 किलो. डीएपीत 46 टक्के, सव्वा किलोच्या आतच भागते, पण सुपर फॉस्फेटबरोबर गंधक आणि कॅल्शियमही मिळते, म्हणून अशा जमिनीत मी त्याच्या बाजूने आहे.

भाताच्या खाचरात पाणी साठले की लोहाची पकड सैल होते आणि थोडा स्फुरद सुटतो. खरी ओढ लागते ती भातानंतरच्या वालाला, कारण खाचर सुकल्यावर ती पकड पुन्हा घट्ट होते. वालाच्या 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम स्फुरद विरघळवणारे जिवाणू चोळा, सावलीत सुकवा आणि लगेच पेरा. रासायनिक बीजप्रक्रिया त्याच वेळी करू नका.

गच्चीवाल्यांनो, नर्सरीतली लाल माती तुमच्याही कुंडीत हाच घोळ घालू शकते. सुपर फॉस्फेट कंपोस्टमध्ये कालवून मगच द्या. हाडांचे खतही चालते, पण त्याच्या वासाने उंदीर येतात, आणि सोसायटीत दुसराच वाद उभा राहतो.

पाऊस सुरू होण्याआधी मातीचा नमुना घ्या. शेतात आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्हीच्या आकाराचा वीतभर खोल खड्डा, कडेची माती, सगळी एकत्र करून अर्धा किलो. माती परीक्षण प्रयोगशाळेत देताना जमीन तांबडी आहे हे सांगा, म्हणजे आम्लधर्मी मातीसाठीच्या ब्रे पद्धतीने स्फुरद मोजला जाईल. गोराई-मनोरीकडची खार जमीन असेल तर तेही लिहा, तिथले गणित वेगळे. अहवाल येईपर्यंत डीएपीची नवी गोणी घेऊ नका.