विहीर खोदताना हाडं निघाली. ती कोणाची हे कसं कळतं?

तुमचा प्रश्न असा: गावी विहीर खोल करताना हाडं लागली. ती माणसाची की जनावराची, बाईची की पुरुषाची, किती जुनी, हे हाडं बघून खरंच सांगता येतं का?

आधी तातडीचं. खोदकाम थांबवा आणि पोलीस पाटलांना किंवा ठाण्यात कळवा. हाडं वेचून पोत्यात भरू नका. का, ते पुढे येतंच.

मी पुण्यात पुरातत्त्व शिकले आणि नंतर काही वर्षं उत्खननातल्या सांगाड्यांवर काम केलं. "माणसाचं आहे का बघा" म्हणून यायची त्यातली बरीचशी हाडं गाईम्हशींची, शेळ्यामेंढ्यांची असायची. माणूस दोन पायांवर उभा राहतो, म्हणून त्याचं कंबरेचं हाड आखूड आणि वाडग्यासारखं पसरट असतं. ते अख्खं मिळालं तर शंका उरत नाही. बोटभर तुकडा असेल तर सूक्ष्मदर्शकाशिवाय मी तरी बोलणार नाही.

बाई की पुरुष हेही कंबरेच्या हाडावरूनच सगळ्यात भरवशाने कळतं, कारण बाळंतपणासाठी बाईचा तिथला मार्ग रुंद असतो. कवटी त्यानंतर. वयाचं गणित हाडं जुळण्यावर चालतं. बाळ जन्मतं तेव्हा त्याची हाडं मोठ्या माणसाच्या 206 पेक्षा कितीतरी जास्त असतात, मग ती हळूहळू एकमेकांना जुळत जातात. गळ्याखालच्या हासळीचं आतलं टोक सगळ्यात शेवटी, पंचविशीनंतर, पुरतं जुळतं. तिशीपर्यंतचं वय त्यामुळे बऱ्यापैकी नेमकं सांगता येतं. पुढे झिजेवरून अंदाज करायचा, आणि "35 ते 50" असं उत्तर मिळालं तर ते प्रामाणिक समजा. हाडाच्या रंगावरून ते किती जुनं हे कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. रंग मातीचा असतो.

लहान मुलांचं वेगळं. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावला तीन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनी आपली लेकरं दोन कुंभ तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीखाली पुरली होती. इतक्या लहान बाळाचं वय दातांच्या अंकुरांवरून महिन्यांत सांगता येतं. पण मुलगा होता की मुलगी, हे हाडाच्या आकारावरून खात्रीने सांगता येत नाही. काडीएवढी बरगडी हातात असताना ते न कळणं मला आजही लागतं.

आता विहिरीचीच गोष्ट. पंजाबात अजनाला इथे 2014 मध्ये गुरुद्वाऱ्याखालच्या जुन्या विहिरीतून माणसांच्या हाडांचा ढीग निघाला. काही जणांना ते 1947 च्या फाळणीतले बळी वाटले. दुसरं मत होतं की ते 26 व्या बंगाल नेटिव्ह इन्फन्ट्री या इंग्रजांच्या पलटणीतले हिंदी शिपाई. 1857 च्या जुलैअखेर लाहोरजवळच्या मियां मीर छावणीतून ते निसटले, पकडले गेले, आणि अमृतसरचा डेप्युटी कमिशनर फ्रेडरिक कूपर याने त्यांना मारून विहिरीत टाकलं. हे त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे.

खोदणारे लोक श्रद्धेने आले होते, पण तज्ज्ञ कुणी नव्हतं. हाडं मोडली, मिसळली, कुठली कवटी कुठल्या धडाची हे कायमचं गेलं. मग पंजाब विद्यापीठाचे जे. एस. सेहरावत आणि हैदराबाद, लखनौ, वाराणसीच्या शास्त्रज्ञांनी दातांकडे मोर्चा वळवला. दाताचं वरचं कवच लहानपणी तयार होतं आणि पुन्हा बदलत नाही, त्यामुळे ज्या गावचं पाणी पिऊन आणि अन्न खाऊन मूल वाढलं त्याची रासायनिक खूण त्यात राहते. ती खूण आणि डीएनए तपासून 2022 मध्ये निष्कर्ष आला: ही माणसं पंजाबची नव्हती, गंगेच्या खोऱ्यातली होती. शिपायांच्या गोष्टीशी हे जुळतं.

दीडशेहून जास्त वर्षं कुणी नाव न घेतलेल्या त्या माणसांचा मुलूख दातांनी सांगितला. तुमच्या विहिरीतून काढलेली माती अजून काठावर असेल तर ती पसरू नका, नेऊ देऊ नका, वर ताडपत्री टाका. दात त्या मातीतच असतील.