दोन कुत्रे विकत घेण्याआधी एक वर्ष दुसऱ्याच्या कुत्र्यावर हँडलर म्हणून काम करा

नमस्कार. तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: वय २८, शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत क्वालिटीला, हातात २६ हजार (बेसिक १६ हजार), नोकरीला ४ वर्षं ५ महिने झालीत. घरी १२ हजार देता, बाईकचा हप्ता ३,२०० आहे, एफडी ४ लाखांची आहे. रविवारी एका रिटायर्ड फौजी हँडलरकडे (कुत्र्याकडून काम करून घेणारा माणूस) शिकायला जाता आणि आता नोकरी सोडून स्फोटकं शोधणारे दोन ट्रेन्ड कुत्रे प्रत्येकी दीड लाखाला, साडेतीन लाखांची जुनी व्हॅन आणि लाखभराचं केनेल (कुत्र्यांचं घर) असा कुत्रे तपासणीला भाड्याने द्यायचा धंदा एका दमात उभा करायचाय, म्हणजे साडेसात लाख, त्यातले एफडी मोडून ४ आणि आईचं ८ तोळे सोनं तारण ठेवून साडेतीन.

हे काम तुम्ही जरूर करा, पण या क्रमाने करू नका. आणि सोन्याला हात लावू नका.

आधी गिऱ्हाईक कुठे आहे ते बघू. कोल्हापुरात अंबाबाईचं नवरात्र म्हणा, जोतिबाची चैत्र यात्रा म्हणा, तिथली तपासणी पोलिसांचं बॉम्ब शोधक पथक करतं, त्याचे पैसे तुम्हाला मिळणार नाहीत. खाजगी कुत्रा रोज लावणारी मोठी हॉटेलं, मॉल, आयटी पार्क बहुतेक पुण्या-मुंबईकडे. तुम्हाला जो ४५ हजार महिना (कुत्रा अधिक हँडलर) असा रेट तोंडी मिळालाय तो पण पुण्याचाच आहे. म्हणजे राहायचं पुण्यात, खोलीभाडं आलंच.

आता तुमच्याच आकड्यांनी हिशोब करू. दोन कुत्रे म्हणजे दोन हँडलर, कारण एक माणूस दोन साईटवर उभा राहू शकत नाही, हे तुमच्या हिशोबात कुठेच नाही. जमा ९० हजार. खर्च बघा: दोघांचा खुराक आणि डॉक्टर १४ हजार, दुसऱ्या हँडलरचा पगार १८ हजार, गाडीचं इंधन-मेंटेनन्स ९ हजार, खोली १० हजार, सोनं तारण १० टक्क्यांनी ३ वर्षांत फेडायचं धरलं तर हप्ता सव्वाअकरा हजाराच्या आसपास, आणि कुत्र्यांसाठी बाजूला टाकायचे १२ हजार, ते कशाला ते पुढे सांगतो. उरले साधारण पावणेसोळा हजार. आजच्या पगारापेक्षा दहा हजार कमी, वर पीएफ नाही, कंपनीचा मेडिक्लेम नाही. आणि हे बारा महिने दोन्ही कॉन्ट्रॅक्ट चालू राहिली तर. कॉन्ट्रॅक्ट वर्षात आठच महिने चाललं तर महिन्याची सरासरी जमा ६० हजारांवर येते आणि तुम्ही खिशातून घालायला लागता. कुत्र्याचं पैलवानासारखं आहे, कुस्ती लागो न लागो, खुराक रोज लागतो.

आता ते १२ हजार. कुत्रा दीड-दोन वर्षांचा घेतला तर आठव्या वर्षापर्यंत काम करेल, म्हणजे कमाईची वर्षं सहा धरा. दीड लाख भागिले ७२ महिने, साधारण २,१०० रुपये महिना, हे नवीन कुत्र्यासाठी साठवायचे. इथपर्यंत सगळे येतात. पण आठव्या वर्षी तो काम थांबवतो, जगणं नाही थांबवत. पुढे तीन-चार वर्षं तो तुमच्याच दारात असणार, महिना ६ हजार धरले तर चार वर्षांचे २ लाख ८८ हजार. बघा म्हणजे, कुत्रा घ्यायला लागले त्याच्या जवळपास दुप्पट पैसे त्याच्या म्हातारपणाला. ते ७२ महिन्यांत वाटले तर महिना ४ हजार. दोन्ही मिळून एका कुत्र्यामागे ६ हजार, दोघांचे १२. ज्याने सहा वर्षं तुमचं घर चालवलं त्याला नंतर कुणाच्या तरी शेतावर बांधून यायचं हे मला पटत नाही आणि तुमचा मेसेज वाचून वाटतं तुम्हालाही जमणार नाही, म्हणून ही त्याची पेन्शन पहिल्या महिन्यापासून वेगळ्या आरडीत टाका. (कर भरताना लक्षात ठेवा, धंद्यातल्या जनावरावर मशीनसारखा दरवर्षी घसारा मिळत नाही, ते मेलं किंवा कायमचं निकामी झालं की त्याची किंमत खर्चात धरता येते.)

दुसरी काळजी विकणाऱ्याची. स्फोटकं सरावासाठी घरात ठेवणं कायद्यात बसत नाही, गांजा-चरस पण नाही, अमली पदार्थांविरुद्धचा १९८५ चा एनडीपीएस कायदा 'ट्रेनिंगसाठी होतं' हे ऐकून घेत नाही. मग विकणाऱ्याने कुत्रा कुठल्या वासावर, कुणाच्या परवानगीने तयार केला हे लेखी मागा. आणि टेस्ट घ्या. सारखे दिसणारे पत्र्याचे सहा डबे मांडा, वासाचा नमुना कुठल्या डब्यात ते तिसऱ्याच माणसाने ठरवायचं आणि त्याने तिथून निघून जायचं, विकणाऱ्यालाही माहीत नको, तुम्हालाही नको. कारण हँडलरला डबा माहीत असेल तर त्याची पावलं तिथे किंचित रेंगाळतात, पट्टा जरा सैल पडतो आणि हुशार कुत्रा तेवढ्यावर खाली बसतो. सगळ्यांना वाटतं वास सापडला. अशी टेस्ट द्यायला जो तयार नाही त्याला दीड लाख देऊ नका.

मग करायचं काय? पहिलं, अजून सात महिने नोकरी सोडू नका. पाच वर्षं पूर्ण झाली की ग्रॅच्युइटी बसते, तुमच्या बेसिकवर साधारण ४६ हजार, ते सात महिन्यांसाठी सोडायचे कशाला. पीएफ काढू नका, पुढच्या नोकरीत ट्रान्सफर करा. त्यानंतर लायसन असलेल्या एजन्सीत पगारी हँडलर म्हणून वर्षभर काम करा, कुत्रा त्यांचा, खुराक त्यांचा, आजारपण त्यांचं, शिकणं तुमचं. स्वतःची एजन्सी काढायला २००५ च्या खाजगी सुरक्षा एजन्सी कायद्याखाली राज्याचं लायसन लागतं, फी एका जिल्ह्याला ५ हजार, पाच जिल्ह्यांपर्यंत १० हजार, अख्ख्या राज्याला २५ हजार, ते आत्ता नको.

वर्षानंतर एकच कुत्रा, एफडीतून, कर्ज न काढता, तो पण बारा महिन्यांचं लेखी कॉन्ट्रॅक्ट हातात आल्यावरच. एका कुत्र्याचा खुराक-डॉक्टर ७ हजार, साठवण ६, खोली १०, प्रवास ४, म्हणजे २७ हजार. ४५ च्या रेटने १८ हजार उरतात, म्हणजे दोन कुत्रे आणि कर्ज यापेक्षा जास्तच! पण तुमच्या पगारापेक्षा कमीच, म्हणून ५५ च्या खाली सही करू नका, तोवर पगारी राहा. एफडीतले १ लाख २० हजार घरखर्च आणि बाईकच्या हप्त्याला जवळपास आठ महिने पुरतात, ते बाजूलाच ठेवा. नोकरी सोडायच्या आधी स्वतःचा मेडिक्लेम आणि टर्म प्लॅन सुरू झालेला पाहिजे.

केनेलसाठी चिखली-आंबेवाडीकडची स्वस्त जागा म्हणताय, २०१९ आणि २०२१ च्या महापुरात तिथे काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलंय, जागा उंचावरच बघा, आणि पावसाळ्यात गोचीड तापाची रक्ततपासणी खर्चात धरा.

उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) फुकट आहे, ती केली की गिऱ्हाईकाने करारात काहीही लिहिलं तरी पेमेंट ४५ दिवसांच्या आत द्यावं लागतं. कॉन्ट्रॅक्टचा मसुदा आला की सही करण्याआधी मला पाठवा, पेमेंटची मुदत आणि मधेच बंद केलं तर किती महिन्यांची नोटीस, ही दोन कलमं आपण बसून बघू.