डॉक्टर न होता इम्युनोथेरपीत काम करता येतं का?

प्रश्न : मी लातूरला बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मामांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर झालाय, तो पसरलेला आहे. रिपोर्टमध्ये ‘डीएमएमआर’ (पेशीतली डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा बिघडलेली) आल्यामुळे केमोऐवजी इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणारा उपचार, सुरू केली. नीटमध्ये माझा नंबर लागला नाही. या क्षेत्रात मला जागा आहे का?

उत्तर : आहे. मामांचं औषध ज्या तपासणीवर ठरलं, ती लॅबमध्येच होते. पसरलेल्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये शंभरातल्या जेमतेम चार-पाच रुग्णांत हा दोष सापडतो. पेम्ब्रोलिझुमॅबसारखं इम्युनोथेरपीचं औषध त्यांना लागू पडतं, बाकीच्यांना एकट्याने सहसा नाही. त्यामुळे रिपोर्ट चुकला की उपचारच चुकतो.

गाठीच्या तुकड्याचे तीन-चार मायक्रॉनचे काप घेऊन एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६ ही दुरुस्तीचं काम करणारी चार प्रथिनं रंगवतात. गाठीच्या पेशींच्या केंद्रकात रंग नाही, म्हणजे प्रथिन गायब. मात्र तुकडा फॉर्मॅलिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या द्रावणात) नीट मुरला नसेल, तरीही रंग चढत नाही. म्हणून आधी त्याच स्लाइडवरच्या निरोगी पेशी बघायच्या. त्याही कोऱ्या असतील तर तपासणी फसली, ती पुन्हा करायची. घाईत नेमकं हेच सुटतं.

रिपोर्टवर सही पॅथॉलॉजिस्टची असते, हे आधीच समजून घे. स्टेनिंगची पद्धत बसवणं, पीसीआर, जनुकीय तपासण्या ही कामं एम.एस्सी. झालेले करतात. त्यासाठी एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षांपैकी गॅट-बी किंवा जॅमचा बायोटेक्नॉलॉजीचा पेपर दे. कॉलेज निवडताना नावापेक्षा शेवटच्या सेमिस्टरचा प्रोजेक्ट कुठे करता येतो ते विचार. ऊती किंवा पेशींवर प्रत्यक्ष काम मिळायला हवं. संशोधनच करायचं असेल तर नेट-जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप देणारी परीक्षा) काढून खारघरचं अ‍ॅक्ट्रेक (टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र) किंवा पुण्याचं एनसीसीएस (पेशीविज्ञानाची राष्ट्रीय संस्था) गाठ. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलमधून आलेली नेक्सकार१९ ही कार-टी उपचारपद्धती (रुग्णाच्याच प्रतिकारपेशी लॅबमध्ये बदलून, वाढवून परत देणं) 2023 मध्ये मंजूर झाली. ती रक्ताच्या कॅन्सरसाठी आहे, आतड्याच्या नव्हे. पण अशा पेशी वाढवताना जंतुसंसर्ग झाला तर अख्खी बॅच टाकावी लागते, तिथे मायक्रोबायोलॉजीवाल्यांची गरज असते.

आणखी एक, हे आधी कर. डीएमएमआर कधीकधी आनुवंशिक असतो, त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात. तो मामांना असेल तर त्यांच्या सख्ख्या बहिणीला, म्हणजे तुझ्या आईला, तो असण्याची शक्यता साधारण 50 टक्के. मामांची जनुकीय तपासणी झाली आहे का, हे त्यांच्या डॉक्टरांना विचार. नसेल तर आईला घेऊन जेनेटिक काउन्सेलरला भेट. त्या भेटीत त्यांचं कामही नीट बघून घे, कारण एम.एस्सी.नंतर तोही रस्ता तुला खुला आहे.