पणजीतलं पार्किंग विकत घेऊन भाड्याला द्यावं का?

प्रश्न: नमस्कार, मी डिचोलीची. मिस्टर आत्ताच रिटायर झालेत, थोडे पैसे हातात आहेत. पणजीत अठरा जून रोडच्या मागे एका जुन्या बिल्डिंगीत स्टिल्टमधलं एक पार्किंग बिल्डर ७ लाखाला देतोय. आमचा तिथे फ्लॅट नाही पण तो म्हणतो नोटरी करून अलॉटमेंट लेटर देतो, आणि ऑफिसवाले महिन्याला ३,५०० भाडं आरामात देतील. माझा भाऊ इंग्लंडात स्विंडनला असतो, तो पण म्हणतो इथे लोक असं घेतात, घेऊन टाक. मिस्टर म्हणतात एफडी करूया. काय करू?

उत्तर: ताई, पणजीत गाडी लावायला जागा नाही हे कोणी एजंटने सांगायला नको, दिवसा ऑफिसं आणि दुकानं, रात्री कसिनो, नोव्हेंबरात वर इफ्फी हा सिनेमाचा महोत्सव. गिऱ्हाईक मिळेल, त्यात काही शंका नाही. पण भाडं नंतर बघू, आधी हे सांगा की तो बिल्डर तुम्हाला विकतोय नक्की काय?

स्टिल्ट म्हणजे बिल्डिंगच्या खांबांमधली मोकळी जागा. ३१ ऑगस्ट २०१० ला सुप्रीम कोर्टाने मुंबईच्या पांचाली सोसायटीच्या केसमधे स्पष्ट सांगितलं की स्टिल्ट पार्किंग म्हणजे गॅरेज नव्हे, ती सगळ्यांची कॉमन जागा आहे, बिल्डरला ती सुटी विकता येत नाही. आता तो म्हणेल की ते महाराष्ट्राच्या कायद्यावरचं, गोव्याचं वेगळं. ठीक आहे, पण २०१६ चा रेरा, म्हणजे बिल्डरांवरचा केंद्राचा कायदा, गोव्यालाही आहे आणि त्यातसुद्धा ओपन पार्किंग कॉमन एरियात धरलंय, गॅरेज म्हणायचं तर छप्पर आणि तीन बाजूंना भिंती पाहिजेत. बिल्डिंग जुनी म्हणून रेरात रजिस्टर नसेलही, तरी कोर्टात वारं कुठल्या दिशेने वाहतंय ते कळतं ना.

आणि नोटरी केलं म्हणजे रजिस्ट्रेशन झालं असं नाही हो! १०० रुपयांच्या वरची स्थावर मालमत्ता सब-रजिस्ट्रारकडे सेल डीड रजिस्टर केल्याशिवाय तुमची होत नाही. फ्लॅटच्या सेल डीडमधे जमिनीचा अविभाजित हिस्सा लिहिलेला असतो, तुमच्या त्या लेटरमधे काय असणार, खांब नंबर चार? उद्या फ्लॅटवाले म्हणाले बाहेरच्याची गाडी काढा, तर तुम्ही दाखवणार काय.

भावाचं खोटं नाही. इंग्लंडात पार्किंगच्या जागेला किंवा गॅरेजला लँड रजिस्ट्रीत स्वतःचा टायटल नंबर असू शकतो, त्यामुळे ते घरासारखं घेता-विकता येतं. पण ब्रिटनमधेही गॅटविक आणि ग्लासगो एअरपोर्टजवळची पार्किंगं पहिली दोन वर्षं ८ टक्के हमी भाडं सांगून विकली होती, २०१७ मधे तिथल्या एफसीएने, म्हणजे आर्थिक व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या संस्थेने, त्यात हात घातला आणि २०१९ ला प्रकरण कोर्टात गेलं. भावाला विचारा, त्याला माहीत असेल. हमी भाडं असं कोणी म्हटलं की मी तरी लगेच पाकीट खिशात ठेवते.

आता हिशेब. ३,५०० गुणिले बारा म्हणजे ४२,००० म्हणजे ६ टक्के, ऐकायला बरं वाटतं. सोसायटीने महिन्याला ५०० मेंटेनन्स लावला आणि वर्षातले दोन महिने जागा रिकामी राहिली की उरतात २९,०००, चार टक्क्यांच्या जरासं वर. आणि विकायची वेळ आली तर घेणार कोण, फक्त त्याच बिल्डिंगीतला माणूस, तो सांगेल तो भाव, कारण अशा कागदावर कुठली बँक लोन देणार.

पार्किंगचीच हौस असेल तर बंद गॅरेज किंवा खालचा छोटा गाळा बघा, पण तो मंजूर प्लॅनमधे आणि ऑक्युपन्सी सर्टिफिकेटमधे वेगळा दाखवलेला पाहिजे, सेल डीड रजिस्टर झालं पाहिजे, आणि बाहेरच्याला भाड्याने दिलेलं चालतं का ते सोसायटीच्या बायलॉजमधे आधी वाचून घ्या. विकणारा लग्न झालेला असेल तर नवरा-बायको दोघांच्या सह्या घ्या, आपल्या गोव्याच्या सिव्हिल कोडमधे दोघांचं सामाईक असतं, एकट्याच्या सहीने केलेला व्यवहार पुढे अडकतो. या बिल्डरकडेही हेच कागद मागून बघा, "नंतर करून देतो" म्हणाला तर मिस्टरांना घेऊन बँकेत जा.