कोकणात गावी घर बांधून तिथूनच ऑनलाइन नोकरी करता येईल का? रस्ते, रेल्वे आणि इंटरनेटची खरी स्थिती काय आहे?

तुम्ही विचारलंय त्यातल्या मुंबई–गोवा महामार्गाचं उत्तर सगळ्यांना पाठ आहे. 2011 साली पनवेल–इंदापूर पट्ट्याच्या रुंदीकरणाला हात घातला आणि गेल्या गणपतीला मी माणगावातच दोन तास बसून होतो. काशेडीचा बोगदा झाल्यापासून घाट तेवढा सुटला. सरकारने मनात आणलं तर होतं, हे महाडकरांनी डोळ्यांनी पाहिलंय. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि 2017 च्या जूनमध्ये नवा पूल उभा होता. दहा महिने! बाकी रस्त्याला मग चौदा-पंधरा वर्षं का लागावीत, हे मला विचारू नका.

रेल्वेही तशीच. 1998 पासून गाडी आहे, वीजही 2022 मध्ये आली, पण दुहेरी रूळ रोह्याहून वीरपर्यंतच. पुढे क्रॉसिंगला थांबत थांबत जायचं आणि पावसाळ्यात वेळापत्रकच वेगळं. महिन्यातून एकदा मुंबईत ऑफिसात तोंड दाखवायचं असेल तर चालून जातं. गणपती-शिमग्याला तिकिटाची आशा धरू नका.

पण खरं सांगू का, घर बांधणाऱ्याचं वाटोळं महामार्गाने होत नाही, रेल्वेनेही होत नाही. ते होतं डांबरी सडकेपासून आपल्या पडवीपर्यंतच्या वाटेत. माझ्या बाबतीत ही वाट साधारण चारशे पावलं आहे.

आमचं गाव दापोली तालुक्यात, दाभोळच्या खाडीच्या अंगाला. सडक वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, वाडी खाली, मध्ये पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची पायवाट. आजोबांचं मातीचं घर बसलं म्हणून 2018 मध्ये मी चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, बांधायला काढलं. साडेतीन हजार चिरे. ट्रक सड्यावर खाली करून निघून गेला. तिथून एकेक चिरा डोक्यावर घेऊन बाया पाखाडी उतरल्या, त्यात पावणेदोन महिने गेले. वाळू, सिमेंट, वाशे, कौलं सगळं तसंच. चिऱ्याला खाणीवर जेवढे मोजले, जवळजवळ तेवढेच तो खाली आणायला गेले. गवंडी रोज हजर आणि माल वर सड्यावर, त्याची हजेरी मात्र चालू.

पाखाडीच्या एका बाजूला पऱ्या, म्हणजे ओढा आहे. दुसऱ्या बाजूला चुलत भावाची आंब्याची कलमं आणि त्याचा गडगा, म्हणजे दगडांची कुंपणभिंत. त्याला आम्ही आप्पा म्हणतो. मी म्हटलं, गडगा दोन हात आत घ्या, बांधून मी देतो, टेम्पो तरी उतरेल. आप्पा म्हणाला, "वर्षातनं दोनदा येतोस, तुला कशाला गाडीरस्ता? चालत ये. आमचे वाडवडील चालतच आले." सगळी वाडी बसली होती. कोणी काही बोललं नाही.

मग आलं 3 जून 2020, निसर्ग वादळ. माझी अर्धी कौलं गेली, आप्पाचा अख्खा पत्रा पऱ्यात. विजेचे खांब आडवे. वरच्या वाडीला गाडीरस्ता आहे, तिथे खांब ट्रॅक्टरने आले आणि दहाव्या दिवशी दिवे लागले. आमच्याकडे खांब माणसांनी खांद्यावरून उतरवले. वीज आली बाविसाव्या दिवशी. फोन चार्ज करायला आम्ही दोघेही वर जात होतो, वेगवेगळ्या वेळी.

इंटरनेटचंही हेच. भारतनेट या सरकारी योजनेची फायबर ग्रामपंचायतीपर्यंत येते, पुढचं तुमचं तुम्ही बघा. तालुक्यातला केबलवाला खांबांवरून वायर ओढून द्यायला तयार होता, फक्त एका ठिकाणी ती आप्पाच्या कलमांवरून जाणार होती. आंबे उतरवायचा झेला अडकेल म्हणून तीही नको. आता माझ्या घरात मोबाइलला एका कंपनीची एक दांडी येते, तीसुद्धा माजघराच्या खिडकीत. मीटिंग असली की मी सड्यावर जाऊन स्कूटरवर बसतो. पावसात पंचायतीच्या पडवीत. तेव्हा घरून नोकरी होते का, तर होते, घरातून होत नाही एवढंच.

म्हणून जागा बघायला जाल तेव्हा मे महिन्यात आंबे खायला जाऊ नका, जुलैत जा. दलाल सातबारा दाखवेल, तो सामायिक आहे का हे तुम्ही बघालच. पण मोजणीचा नकाशा मागा आणि वाट कोणाच्या गट नंबरातून येते ते बोटाने दाखवायला लावा. "पूर्वापार वाट आहे" हे तोंडी ऐकून एक पैसा देऊ नका. वहिवाटीची वाट कोणी अडवली तर 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदाराकडे जाता येतं. शेतात जायला बांधावरून वाट हवी असेल तर महसूल अधिनियमाचं कलम 143 आहे. पण दोन्हींत पायवाटेचा आपोआप गाडीरस्ता होत नाही. मी दापोलीला वकिलाकडे तीन खेपा घालून एवढंच शिकलो.

सगळीकडे असंच आहे असं नाही. सडकेला लागून जागा मिळाली तर यातलं काहीच तुम्हाला भोगावं लागणार नाही, भाव मात्र तसा द्यावा लागेल. दापोली, खेड, चिपळूण शहरांत फायबर चांगली चालते. चिपळूणला घेतलंत तर 22 जुलै 2021 चं पाणी कुठपर्यंत होतं ते शेजाऱ्यांना विचारून मगच मजला ठरवा. आणि आप्पाची बाजूही सांगायला हवी. गडग्यालगतची दोन कलमं त्याच्या वडिलांनी स्वतः बांधलेली आहेत, हापूसची, अजून धरतात.

आप्पाचा मुलगा पुण्याला असतो आणि इथे लिहितो असं ऐकलंय. वाचत असशील तर बाबांना सांग, कलमं तोडा असं मी कधीच म्हटलं नव्हतं. गडगा दोन हात घेतला तरी पहिलं कलम सहा हात लांब राहतं. मोजणीचा नकाशा माझ्याकडे आहे, शिमग्याला येताना आणतो.