गुलमर्गला निघण्याआधी

रत्नागिरीत तू समुद्राकाठी राहतोस, आणि स्कीइंगला जातोयस ते गुलमर्ग साधारण २,६५० मीटर उंचीवर. तिथे पहिले दोन दिवस दमानेच घे. निघेपर्यंत सुट्टीला खेडकडे जाऊन पाठीवर ओझं घेऊन रसाळगड चढत जा.

खरी काळजी हिमस्खलनाची. ते बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतं, आणि स्कीइंगची मजाही तिथेच. ताजा बर्फ पडला किंवा जोराचा वारा झाला की असे उतार सोडायचेच. ट्रान्सीव्हर (गाडलेला कुठे आहे ते रेडिओ संकेतावरून दाखवणारं छोटं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी), फावडं प्रत्येकाकडे हवं. गाडलेल्याला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढावं लागतं. तेवढ्यात बाहेरची मदत पोचत नाही, सोबतचे मित्रच काढतात. म्हणून ट्रान्सीव्हर पुरून शोधायचा सराव मांडवीच्या वाळूत आधीच करा, सगळ्यांनी. आणि उतार एकेकानेच उतरायचा.