सेप्टिक शॉकमध्ये ट्रोपोनिन वाढलं म्हणजे हार्ट अटॅकच का?

तुमचा प्रश्न असा की वडिलांना युरिन इन्फेक्शनवरून सेप्टिक शॉक झालाय, आयसीयूत आहेत, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) नॉर्मलच्या बरंच वर आलंय, घरचे म्हणतायत अटॅक आला मग अँजिओग्राफी का करत नाहीत. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो, नाशिकला एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे, निम्मी नोकरी नाइटला गेली. पण दोन वर्षांपूर्वी हेच सगळं माझ्या मामांच्या बाबतीत झालं म्हणून लिहितोय.

मामा दिंडोरीचे, द्राक्षबागेत छाटणी चालू असताना तारेचा तुकडा चपलेतून टाचेत घुसला, शुगर जुनी त्यामुळे पायाला फारसं कळतच नाही, हळद दाबून चार दिवस काढले आणि पाचव्या दिवशी ताप, असंबद्ध बडबड, बीपी वरचं ७०. आणलं तेव्हा सलाईन भरपूर देऊनही बीपी धरेना म्हणून नॉरअ‍ॅड्रिनलिन चालू केलं. सलाईन पुरेसं देऊनही बीपी टिकवायला असं औषध लागतं आणि लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन नीट मिळत नसला की रक्तात वाढणारा पदार्थ) २ च्या वर राहतं, त्याला सेप्टिक शॉक म्हणतात. मामांचं ६ होतं.

पहाटे ३ ला त्यांचं ट्रोपोनिन मीच लावलं. २१०, आमच्या किटची मर्यादा १४. खरं सांगतो हात थंड पडले. त्यात मामेभावाने तालुक्याच्या लॅबचा आदल्या संध्याकाळचा रिपोर्ट काढला, त्यात ०.१९, आणि हा ओरडायला लागला की एका रात्रीत हजारपट वाढलं. अहो, तो आकडा नॅनोग्राम पर मिलिलिटरमध्ये आणि आमचा पर लिटरमध्ये, म्हणजे ०.१९ म्हणजेच १९०! शिवाय ट्रोपोनिन आय आणि ट्रोपोनिन टी या दोन वेगळ्या टेस्ट, त्यांचे आकडे एकमेकांशी लावायचेच नाहीत. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर लाल अक्षरातला आकडा फिरवायच्या आधी बाजूचं युनिट बघा आणि टेस्ट कोणती तेही बघा.

आता मुद्दा. ट्रोपोनिन एवढंच सांगतं की हृदयाच्या स्नायूला इजा झालीये, कशामुळे झाली ते सांगत नाही. सेप्सिसमध्ये, म्हणजे इन्फेक्शनला शरीर बेताल प्रतिसाद देतं तेव्हा, रक्तात जे दाहक पदार्थ सुटतात त्यांनी स्नायू सुस्तावतो, बीपी कमी म्हणून हृदयाला रक्त कमी मिळतं, वर ठोके १३०-१४० ला पळत असतात, म्हणजे हृदयाच्या रक्ताच्या नळीत गुठळी नसतानाही ते वाढतं. किडनी दमली असेल तर आणखी वर राहतं, मामांचं क्रिएटिनिन (किडनीची टेस्ट) २.८ होतं. म्हणून एकच आकडा धरून बसायचं नसतं, काही तासांनी परत लावतात. मामांचं २१०, मग २४०, मग १८०. गुठळीच्या अटॅकमध्ये सहसा आकडा झपझप चढून मग उतरतो, पण तेवढ्यावरही कोणी ठरवत नाही, सोबत ईसीजी आणि टूडी इको बघतात. ईसीजीत एसटी (रेषेचा एक भाग, मोठ्या अटॅकमध्ये वर उचलला जातो) वर गेलेला नव्हता आणि इकोत हृदयाचा एखादाच भाग बंद नसून सगळंच ढिलं हलत होतं, ईएफ (हृदय दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर ढकलतं) ३५. डॉक्टर म्हणाले ही सेप्सिसची कार्डिओमायोपथी (हृदयाचा स्नायू ढिला पडणं) दिसतेय, आत्ता अँजिओग्राफीला नेलं तर नळ्या दिसायला टोचतात त्या डायमुळे किडनीवर अजून भार, आधी टाचेतला पू काढू. तुमच्याकडे ईसीजीत बदल असेल किंवा छातीत दुखत असेल तर गोष्ट वेगळी, ते थेट विचाराच.

एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी टेस्ट) पण हजारांत येईल, घाबरू नका आणि फार अर्थही काढू नका, वय, किडनी, सेप्सिस सगळ्यांनीच ते वाढतं. माझं मत विचाराल तर रोज लॅक्टेट खाली येतंय का ते आधी विचारा. (त्याचं सॅम्पल बाहेर पडून राहिलं तर आकडा खोटाच वाढतो, रक्तपेशी सॅम्पलच्या नळीतही लॅक्टेट तयार करत राहतात, त्यामुळे आम्ही वॉर्डबॉयला पळवतो.) प्रोकॅल्सिटोनिन इन्फेक्शनची चाल दाखवतं, अँटिबायोटिक कधी थांबवायचं त्याला उपयोगी, हृदयाबद्दल ते काही सांगत नाही.

एक मात्र लक्षात ठेवा, मॉनिटरवर ठोके अचानक अनियमित झाले तर एट्रियल फिब्रिलेशन असू शकतं, शॉकमध्ये हे होतं. मामांना तिसऱ्या दिवशी झालं, पोटॅशियम-मॅग्नेशियम दुरुस्त केलं, औषध दिलं, दोन दिवसांत बसलं.

स्नायूचा हा ढिलेपणा बऱ्याच जणांत ७ ते १० दिवसांत भरून येतो. मामांचा अकराव्या दिवशी ईएफ ५५. नंतर ओपीडीत इको परत झाला आणि तब्येत सावरल्यावर, शुगर जुनी म्हणून, अँजिओग्राफीही झाली, नळ्या मोकळ्या निघाल्या. टाचेची जखम भरायला मात्र चार महिने गेले आणि त्या सीझनची बाग मामेभावानेच बघितली.